बुडाला सहा भोकं असलेली पाणबुडी

आमच्या वर्कशॉपमधून सगळ्यात जास्त खपलेली वस्तू म्हणजे दाढ. माणसाच्या कमरेइतकी उंच, पांढरीशुभ्र, मुळांसकट. शिकागोच्या आसपास इतके डेंटिस्ट आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना दारात दाढ उभी करायची हौस आहे, असं पेणला असताना मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. एकानं तर दाढेला कीड लागलेली दाखवा म्हणून हट्ट धरला. दाखवली. थोड्याच दिवसांत तो दाढ गाडीत घालून परत आला. म्हणाला, पेशंट दारातूनच मागे फिरतात, तेवढं भोक बुजवून द्या. भोकं बुजवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, त्यामुळे तेही करून दिलं.

मी मूळचा पेणचा. घरात तीन पिढ्या गणपतीचं काम. लग्न झालं ते पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या मंजिरीशी, आणि तिच्या नोकरीमागोमाग मी शिकागोजवळच्या शॉमबर्गला आलो. बायकोच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याला तेव्हा इथे काम करता येत नसे. ती सकाळी ऑफिसला गेली की मी लेकीला शाळेत सोडायचो आणि गराजमध्ये इथल्या मराठी मंडळाचे गणपती करत बसायचो. फुकट. मंडळातले लोक कौतुकानं "काय काका, मजा आहे तुमची!" म्हणायचे. चाळिशीतल्या माणसाला काका म्हणणं वाईट, की मजा आहे म्हणणं वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन हजार एक साली ग्रीन कार्ड आलं आणि त्याच आठवड्यात मी स्टॅनच्या वर्कशॉपच्या दारात जाऊन उभा राहिलो. स्टॅन म्हणजे मालक. आडव्या हाडाचा, कमी बोलणारा, कानावर कायम पेन्सिल. नमुना म्हणून मी गणपतीचा फोटो नेला होता. त्यानं तो बराच वेळ पाहिला. हा देव कोण, हत्तीचं तोंड का, हात चार का, यातलं काहीही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "सोंडेचा साचा किती भागांत काढता?" माणूस आपल्यातला आहे हे मला त्या क्षणी कळलं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. गिऱ्हाईक वस्तू सांगतं. स्टॅन ती आधी लाकडात हुबेहूब करतो. त्या लाकडी वस्तूवर पातळ रबर ओतून साचा काढायचा, साच्यात रेझिन ओतायचं, ते घट्ट झालं की साचा सोलायचा. इथपर्यंत स्टॅन. पुढचं सगळं माझं. रेझिनमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्यांची भोकं पडतात. ती पुट्टीनं भरायची, घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची आणि मग रंग. पेणला हेच मी प्लास्टरमध्ये करायचो. फरक एवढाच की तिथे चूक ही नुसती चूक नसते. मूर्तीला टाचणीच्या डोक्याएवढं भोक राहिलं तरी ती खंडित. रंगवून झालेल्या मूर्तीला टवका उडाला तर वडील ती स्वस्तातही विकत नसत, पाण्यात सोडून देत. त्यामुळे भोक दिसलं की माझं बोट आपोआप पुट्टीच्या डब्याकडे वळतं. डोक्याला विचारायला थांबत नाही.

गिऱ्हाइकं म्हणाल तर वल्ली एकेक. हॉट डॉगच्या दुकानाच्या मालकाला छपरावरच्या हॉट डॉगवर मस्टर्डचा नेमका त्याच्याच बाटलीतला पिवळा हवा होता, तो बाटली घेऊन माझ्या खांद्याशी उभा राहायचा आणि सारखा म्हणायचा, "अजून थोडा भूक लागेल असा." एका बाईंनी आजोबांचा पुतळा करायला दिला आणि नाक हळूहळू इतकं लहान करून घेतलं, की शेवटी आजोबा त्यांच्या नातजावयासारखे दिसायला लागले. पण मला सांगायचं आहे ते पाणबुडीबद्दल.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात कॅरन आली. लेक मिशिगन या प्रचंड तळ्याच्या काठावरच्या एका लहानशा गावात बोटींचं संग्रहालय आहे, त्याची ती व्यवस्थापक. नीटनेटकी, घड्याळाकडे बघत बोलणारी बाई. तिच्याबरोबर वॉल्टर होता. सत्तरी ओलांडलेला उंच म्हातारा, हातात पांढरी काठी. दोघं इंग्रजीतच बोलले, मी आपला आपल्या भाषेत सांगतोय.

वॉल्टर तरुणपणी नौदलात होता. कोरियाच्या लढाईत समुद्रात पेरलेले सुरुंग शोधून काढण्याचं त्याचं काम. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी तो त्या संग्रहालयात लोकांना बिनपगारी माहिती सांगत फिरायचा. मग डोळे अधू होत होत गेलेच. तरी वर्षभर त्यानं रेटलं. शेवटी एकदा तो एका काचेच्या कपाटावर आदळला, आणि कमिटीनं ठरवलं की आता लोकांच्या कानाला हेडफोन लावायचे आणि टेप ऐकवायची.

"मी कमिटीकडून एक शनिवार मागून घेतलाय," कॅरन म्हणाली. "उन्हाळ्यात म्युझियम उघडेल तो पहिला शनिवार. वॉल्टर म्हणतो, हात लावून बघता येईल अशी एक वस्तू द्या, मी टूर घेऊन दाखवतो. जमलं तर ठीक. नाही जमलं तर टेप."

ती हे त्याच्यासमोरच बोलली. वॉल्टर काठीवर दोन्ही हात ठेवून शांत बसला होता, डॉक्टर आपल्याबद्दल दुसऱ्याशीच बोलत असताना पेशंट बसतो तसा. मला ते फार लागलं. माझीही कितीतरी वर्षं घरात बसून गेली होती. आपल्याला काम येतं आणि ते कुणालाच नको आहे, ही गोष्ट माणसाला आतून पोखरते.

"कसली वस्तू?" स्टॅननं विचारलं.

"जर्मन पाणबुडी," वॉल्टर म्हणाला. "सुरुंग पेरणारी. पहिली जात."

मग त्यानं सांगितलं. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी या बोटी बांधल्या. लहानशा, मोजकी माणसं मावतील एवढ्या. सुट्या भागांत बांधायच्या, ते भाग आगगाडीनं बेल्जियमला न्यायचे, तिथे जोडायचे आणि पाण्यात सोडायच्या. टॉर्पेडो नाहीत. इंजिन इतकं दुबळं की उलटा प्रवाह जोरात असला तर बोट बिचारी जागच्या जागी. पण पोटात सहा तिरक्या नळ्या आणि प्रत्येक नळीत दोन सुरुंग. इंग्लंडच्या बंदरांच्या तोंडाशी चोरपावलांनी जायचं, माल सोडायचा आणि परत फिरायचं. सुरुवातीला इंग्रजांना कळेचना, की आज झाडून साफ केलेल्या वाटेवर उद्या सुरुंग कुठून येतात. अशी एक बोट बुडाली, डायव्हर खाली उतरले आणि त्यांनी त्या नळ्या पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला.

"आणि त्यांच्या स्वतःच्या सुरुंगांनी त्यांच्याच काही बोटी उडाल्या," तो म्हणाला. "सुरुंग लोखंडी बैठकीसकट तळाला जाऊन बसायचा. त्यात बुचासारखा एक विरघळणारा डाट असायचा. डाट विरघळला की गोळा सुटून वर यायचा, तोवर बोटीनं लांब निघून जायचं. डाट लवकर विरघळला तर संपलं."

असल्या पाणबुडीशी याचा काय संबंध, असा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर असणार. तो त्याला दिसणं शक्य नव्हतं, पण उत्तर मात्र त्यानं दिलं. त्या जातीची शेवटी शेवटी बांधलेली एक बोट युद्धानंतर अमेरिकेच्या हाती आली. ती इथल्या मोठ्या तळ्यांमधून गावोगाव मिरवली. वॉल्टरचे वडील लहानपणी रांगेत उभे राहून ती बघून आले होते. पुढे तिला मिशिगन तळ्यातच तोफांनी बुडवलं. ती अजून तिथेच तळाशी आहे.

ऑर्डर घेतली. स्टॅननं चित्रांवरून लाकडाची बोट कोरली, माणसाच्या उंचीएवढी लांब. साचा काढला, रेझिन ओतलं. आतल्या नळ्या इतक्या अडचणीच्या होत्या की सोलताना साचा फाटला. पण बोट छान निघाली आणि माझ्या टेबलावर आली. स्टॅन म्हणाला, "तू रंगव. खिट्या वगैरे मी शेवटी बसवतो." सुरुंगही मीच केले, लिंबाएवढे गोळे, त्यांना बोथट शिंगं. बैठका आम्ही सोडून दिल्या होत्या.

मी जीव ओतला त्या बोटीत. आंधळ्या माणसांच्या बोटांना लागणार म्हणून कुठे खरखर ठेवली नाही. उलटी केली तर बुडाला एका ओळीत सहा मोठी भोकं. मी मनात म्हटलं, स्टॅननं साचा काढताना हवा जायला ठेवली असतील. मागे एका बागेसाठी डायनासोर केला, त्या वेळी ठेवली होतीच. भरली. नुसती भरली नाहीत, घासून अशी सपाट केली की मलासुद्धा जागा सापडू नये.

वॉल्टरला धीर निघेना. बोट न्यायच्या ठरलेल्या दिवसाच्या आधीच तो कॅरनला घेऊन हजर झाला. रंग वाळला होता, खिट्या बसायच्या होत्या. मी त्याचे हात धरून बोटीवर ठेवले. तो नाकापासून सुरू झाला. हळूहळू मागे. शिडी, मनोरा, पंखा. तोंड उजळत गेलं. "अरे, काय काम केलंयस!" म्हणाला. माझी छाती फुगली. मग त्यानं वरच्या सहा तोंडांतलं एक चाचपलं, सुरुंग मागितला आणि आत सोडला. आत टक्‌ असा आवाज झाला. वॉल्टरनं दुसरा हात बोटीखाली पसरला होता. तो तसाच धरून उभा राहिला. सगळेच उभे राहिलो.

मग त्यानं खालचा हात बुडावरून फिरवला. पुढून मागे, मागून पुढे.

"ही फुलदाणी झाली," तो म्हणाला.

स्टॅननं माझ्याकडे पाहिलं, मी पुट्टीच्या डब्याकडे पाहिलं आणि सगळं लक्षात आलं. या बोटीचं सगळं मर्मच बुडात होतं. सुरुंग वरून फेकायचे नव्हते, खालून सोडायचे होते. त्या नळ्या दोन्ही बाजूंनी उघड्या होत्या, त्यांत समुद्राचं पाणी भरलेलं असायचं. पोट उघडं ठेवून फिरणारी बोट होती ती. आणि मी तिला कुणी खंडित म्हणू नये म्हणून अखंड करून ठेवली होती.

कॅरननं घड्याळाकडे पाहिलं. नवीन ओतायची तर साचा फाटलेला. पुन्हा लाकडापासून सुरुवात, म्हणजे तो शनिवार गेलाच. स्टॅन म्हणाला, "भोकं पाडू. पण तडा गेला तर बोट गेली." वॉल्टरनं काठी चाचपून हातात घेतली आणि तो दाराकडे वळला. रागावला असता तर बरं झालं असतं.

घरी मंजिरीला सांगितलं. ती हसून हसून सोफ्यावर आडवी झाली.

"अरे, ड्रॉइंगवर असेल ना सगळं! चेक नाही केलंस?"

"ड्रॉइंग साइडचं होतं. नळ्या ठिपक्यांनी दाखवलेल्या."

"मग नेटवर सर्च करायचं ना यार!"

"बोटीला बुडाला भोक असतं का, हे कुणी सर्च करतं का?"

ती पुन्हा हसली, पण मी हसत नाही असं बघून थांबली. "हे बघ," ती म्हणाली, "तू घाबरलायस. रंगवलेल्या वस्तूला भोक पाडायला तुझा हात उचलत नाहीये. गणपती नाहीये तो. उद्या जा आणि पाड."

बरोबर ओळखलं होतं तिनं. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल हातात घेतलं. आयुष्यभर जे टाळायला शिकलो तेच करायचं होतं. स्टॅननं बोट दोन्ही हातांनी धरून ठेवली. नळीत वरून लांब ड्रिल घातलं आणि अगदी हळू चालवलं. पहिलं भोक पडलं, खालून उजेड दिसला. रंगाला बारीकशीही चीर नाही. सहावं झाल्यावर मी वरून गोळा सोडला आणि खाली हात धरला. गोळा तळहातावर येऊन बसला. गार, जड. खरं सांगतो, डोळे रंगवून पुरे झालेल्या मूर्तीकडे बघताना होतो तेवढाच आनंद झाला. स्टॅननं नळ्यांत प्रत्येक गोळ्याखाली एक खिटी बसवली. ओढली की तो गोळा सुटायचा. बोट वेळेवर गेली.

त्या शनिवारी मीही गेलो. न जाणं शक्यच नव्हतं. अंध लोकांच्या एका क्लबातून दहाबारा मंडळी आली होती, त्यातल्या एका बाईंबरोबर कुत्रा. इतर चारदोन बघे होते. कॅरन दाराशी फाइल छातीशी धरून उभी. खोलीत जुनं जाड कार्पेट होतं आणि मध्ये उंच टेबलावर आमची बोट. बुडाची भोकं टेबलाबाहेर येतील अशी ती स्टॅननं ठेवली होती.

वॉल्टरची सुरुवात वाईट झाली. एक वाक्य दोनदा बोलला. कॅरननं फाइलवर काहीतरी लिहिलं. मग तो बोटीपाशी आला, हात नळ्यांवर ठेवले आणि निराळाच माणूस बोलायला लागला.

"खाली हात धरा," तो म्हणाला. "सगळ्यांनी. डोळस लोकांनी डोळे मिटायचे."

त्यानं एक खिटी ओढली. कुत्रेवाल्या बाईंच्या हातात गोळा पडला, त्या दचकून ओरडल्या.

"हा कुणासाठी आहे?" वॉल्टरनं विचारलं.

"मला काय माहीत!" बाई म्हणाल्या.

"त्यालाही माहीत नाही. जाईल त्याच्यासाठी. युद्धनौका, कोळशाची बोट, मासे पकडणारा बाप आणि त्याचा मुलगा. पेरणारा तर केव्हाच घरी गेलाय."

त्यानं बाकीच्या खिट्या भराभर ओढल्या. काही गोळे हातांत पडले, काही हातांतून निसटून कार्पेटवर पडले आणि वेडेवाकडे घरंगळले. लोक हसायला लागले.

"हसू नका. हलूही नका," वॉल्टर म्हणाला. "युद्ध संपलं. आता माझं काम सुरू. गुडघ्यावर बसा आणि शोधा. बाराच्या बारा सापडल्याशिवाय ही टूर संपत नाही."

आणि खरोखर सगळे बसले. आंधळे, डोळस, एक लठ्ठ गृहस्थ तर चक्क पोटावर. हातानं कार्पेट चाचपत, एकमेकांच्या बोटांना धडकत, "सॉरी, तो तुमचा अंगठा" म्हणत शोधायला लागले. सापडला की ओरडायचे आणि वॉल्टरच्या हातात द्यायचे. तो खिटी परत खोचून, मोजून नळीत टाकायचा. अकरा झाले. बारावा मिळेना. टूरची वेळ होऊन गेली. कॅरन घड्याळाकडे बघायला लागली. चांगली रंगलेली गोष्ट एका लिंबाएवढ्या गोळ्यापायी फसणार असं दिसायला लागलं.

जास्तीचा एक गोळा मी खिशात ठेवला होता, न जाणो फुटला तर म्हणून. मी हळूच पुढे झालो आणि तो वॉल्टरच्या हातात सरकवला. त्यानं मूठ मिटली.

"हा गरम आहे," तो म्हणाला. "खिशातला आहे. खरा अजून तिथेच आहे."

आणि माझा गोळा मला परत दिला. सगळ्यांसमोर. मी निमूट गुडघ्यावर बसलो.

तेव्हा कॅरननं फाइल खुर्चीवर ठेवली. बूट काढले, स्कर्ट सावरला आणि तीही खाली बसली. डोळे मिटून. भिंतीच्या कडेकडेनं ती हातानं चाचपत गेली, हीटरच्या खाली खांद्यापर्यंत हात घातला, आणि शाळकरी मुलीसारखी किंचाळली, "सापडला!"

ती तशीच अनवाणी उठली. केसांना धूळ लागलेली. तिनं गोळा वॉल्टरच्या हातात ठेवला. तो गार होता. वॉल्टरनं तो नळीत सोडला. आतून टक्‌ असा आवाज आला आणि सगळ्या खोलीनं सुटकेचा श्वास टाकला.

"या हीटरखालून कुणी झाडत नाही वाटतं," कॅरन हात झटकत म्हणाली. "पुढच्या शनिवारच्या आधी व्हॅक्यूम करून घ्यायला सांगते."

तिनं काय म्हटलं ते आधी माझ्या लक्षात आलं, मग कुत्रेवाल्या बाईंच्या. वॉल्टरनं बोटीवरचा हात न काढता विचारलं,

"किती वाजता?"